आईसाठी केलेलं पान

माझ्या दादाला ऑफिसात स्टॉपवॉच म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. उलट एका वाढदिवसाला सगळ्यांनी मिळून त्याला खरोखरचं स्टॉपवॉच दिलं, ते त्यानं मॉनिटरच्या पायाशी मांडून ठेवलंय. लहानपणी गल्लीतली पोरं त्याला रेकॉर्ड म्हणायची, ते मात्र त्याला फार लागायचं. चरा पडलेल्या रेकॉर्डसारखा तो एकाच अक्षरावर अडकायचा, म्हणून रेकॉर्ड. मी त्याची धाकटी बहीण. चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर तपासते, फ्रेमा विकते. दादाविषयी बोलायला लागले की माझा आवाज चढतो, हे आधीच सांगून ठेवते. तो वाईट माणूस आहे म्हणून नाही. तो इतका चांगला आहे की त्याच्यावर रागावताना आपल्यालाच चोरट्यासारखं वाटतं, आणि त्यामुळे राग आणखी वाढतो.

दादा दुकानदारांच्या वेबसाइटी बनवतो. टायरच्या दुकानावर एक माडी आहे, तिथे त्याचं ऑफिस. जिन्यात रबराचा वास, वर गेलं की ओळीनं खुर्च्या आणि प्रत्येक खुर्चीत कान झाकून बसलेला माणूस. आमच्या दुकानात सकाळपासून माणसं बोलत असतात, तिथे दिवसभर नुसती बटणं वाजतात. दादाला असं ऑफिस मिळालं हे त्याचं नशीबच म्हणायचं.

त्याचं वेड कशाचं, ते सांगायला हवं. कॉम्प्युटरला म्हणे सारखी निवड करावी लागते. गिऱ्हाइकानं हे बटण दाबलं तर हे कर, नाहीतर ते कर, तेही नसेल तर तिसरं काहीतरी. हे 'तर' आणि 'नाहीतर' लिहायच्या दोन-चार रीती आहेत. इफ-एल्सची शिडी म्हणजे मी गिऱ्हाइकाला एकेक विचारत जावं, तसं: लांबचं दिसत नाही का? दिसतं? मग जवळचं? तेही दिसतं? मग डोकं दुखतं का? स्विच म्हणजे चिठ्ठीवरचा नंबर बघायचा आणि सरळ त्या खणाकडे जायचं. टर्नरी म्हणून एक आहे, ती तोच प्रश्न एका ओळीत, एका दमात उरकते. उत्तर सगळ्यांचं तेच. फरक असलाच तर वेळेचा, आणि तो किती, हे मोजण्यात माझ्या भावाची उमेदीची वर्षं गेली.

त्यानं त्यासाठी स्वतःच्या हौसेनं एक पान बनवून इंटरनेटवर ठेवलंय. त्यावर या सगळ्या रीती शेजारी शेजारी मांडल्यात. 'चालवा' हे बटण दाबलं की बघणाऱ्याच्याच ब्राउझरमध्ये प्रत्येक रीत लाखो वेळा धावते, आणि कोण पुढे, कोण मागे ते रंगीत पट्ट्यांनी दिसतं. लाखो वेळा का, तर एका वेळेला लागतो तो वेळ मोजताच येत नाही, इतका कमी असतो. कुठकुठले लोक तिथे येऊन भांडतात. कुणाकडे स्विच जिंकतो, कुणाकडे इफ, ब्राउझर बदलला की निकाल फिरतो. दादा प्रत्येकाला शांतपणे उत्तर लिहितो. लिहिताना तो कधीच अडखळत नाही. आणि पानाच्या अगदी तळाशी त्यानंच लिहून ठेवलंय की हा फरक माणसाला जाणवण्याइतका नाही, तेव्हा वाचायला सोपं पडेल ते वापरा.

"मग हा सगळा खटाटोप कशाला?" मी एकदा विचारलं.

"ते क-कळावं म्हणूनच," तो म्हणाला.

त्याच्या ऑफिसातला एक किस्सा तो स्वतःच हसत हसत सांगायचा. एका फर्निचरवाल्याची साइट उघडायला फार वेळ लागायचा. मॅनेजरबाईंनी दादाला सांगितलं, बघा जरा. दादानं साइटमधल्या सगळ्या अटी, म्हणजे ते 'तर' आणि 'नाहीतर', उपसल्या. शिड्या मोडून स्विच केले, स्विच मोडून टर्नरी केल्या, रोज मोजमाप, रोज नव्या पट्ट्या. साइट होती तिथेच. शेवटी मॅनेजरबाईंनीच विचारलं की पहिल्या पानावर मालकाचा तो सोफ्यावर बसलेला फोटो आहे, तो जरा जड नाही का? जड कसला, आख्ख्या भिंतीवर चिकटवता येईल एवढा होता. फोटो लहान केला आणि साइट पळायला लागली. दादा म्हणायचा, आमच्या धंद्यात सगळ्यांना हा रोग असतो. जिथे मोजता येतं तिथेच आम्ही शोधत बसतो. इतकं त्याला कळत होतं, हे लक्षात ठेवा. मी ते विसरू शकत नाही म्हणून तर ही सगळी चिडचिड.

आता आई. आमची आई एका मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर होती. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, आणि लोक नेहमी घाबरलेले, घाईतले. "थांबा, जोडून देते," हे ती इतक्या वेळा म्हणायची की झोपेतसुद्धा म्हणायची. बाबा आम्हाला कळायला लागायच्या आधीच गेले होते, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं तिच्या बोर्डाच्या खोलीत एका बाकावर बसून असायचो. तिचा आवाज ऐकला की रडणारा माणूससुद्धा नीट बोलायला लागायचा. मी ते ऐकलेलं आहे.

दादाचं बोलणं अडायला लागलं तेव्हा तो नुकता शाळेत जायला लागला होता. शाळेत बाई त्याचं वाक्य पूर्ण करायच्या. शेजारी करायचे. मामा तर वाक्य सुरू व्हायच्या आधीच पूर्ण करायचा, आणि बऱ्याचदा भलतंच. मीसुद्धा करायचे, मला कुठला धीर? फक्त आई करायची नाही. दादा अडला की ती हातातलं काम खाली ठेवायची. फोन वाजत नसेल तर हेडफोनही उतरवून ठेवायची. आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहायची, जणू जगात दुसरं काही चाललेलंच नाही. मदत नाही, 'सावकाश बोल' नाही, काही नाही. दादाचा शब्द कितीही वेळानं येवो, तो त्याचा त्यालाच काढू द्यायची. एकदा मी मधे पडून शब्द पुरवला, तेव्हा तिनं माझ्याकडे असं बघितलं की परत कधी मी तिच्यासमोर तो आगाऊपणा केला नाही.

तर अशा या आईचं बोलणं एका सकाळी गेलं.

मेंदूत रक्त गोठलं. उजवी बाजू लुळी पडली आणि जीभ गेली. कळत सगळं होतं. कोण आलं, कोण गेलं, मी केस कसे कापलेत, सगळं. डोळ्यांत दिसायचं ते. पण तोंडातून एक अक्षर निघेना. डावा हात चालत होता, पण तो आधीपासूनच वयानं थरथरणारा. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर नेऊन सांगितलं की असाच दुसरा झटका येऊ शकतो, आणि तो कधी येईल हे कुणी सांगू शकणार नाही. हात आहे तोवर तिला जे सांगायचं ते सांगून घेऊ द्या, असं ते म्हणाले. ते वाक्य दादाच्या मनात घर करून बसलं.

घरी आणल्यावर पहिले काही दिवस आमचं कसं चालायचं बघा. आई अस्वस्थ झाली की मी विचारायचे, "पाणी हवंय? नको? पंखा लावू? बंद करू? कूस बदलायची? कुठे दुखतंय का?" हो असेल तर ती डोळे मिटून उघडायची. कधी कधी माझे प्रश्न संपायचे तरी तिचं 'हो' यायचं नाही. मग ती तोंड भिंतीकडे करायची. दारात उभ्या दादानं ते बघितलं.

"ही शि-शिडीच झाली की," तो म्हणाला. "तिला सरळ खणाकडे जाता यायला हवं."

मला हसू आलं आणि रडूही आलं. चार दिवसांत त्यानं आईसाठी पान बनवलं. एका टॅबलेटवर मोठे मोठे चौकोन: पाणी, पंखा, उजेड, कूस, दुखतंय, आणि खालच्या ओळीत आमचे दोघांचे फोटो. ज्या चौकोनाला बोट लागेल, ते पान बोलून दाखवणार. आवाज माझा. माझा आवाज आईसारखा आहे, असं सगळेच म्हणतात, आणि दादा स्वतःचा आवाज कशाला देतोय? मी त्याच्या खोलीत बसून सगळं बोलून दिलं. "मला पाणी हवंय." "उजेड नको." दादाच्या फोटोसाठी, "दादा, इकडे ये." आईही त्याला दादाच म्हणायची. माझ्यामुळे सगळं घरच म्हणायचं.

पहिल्याच दिवशी एक गंमत झाली. आईचं बोट थरथरायचं, त्यामुळे एकदा टेकवलं तरी टॅबलेटला ते चार वेळा टेकल्यासारखं वाटायचं. आईनं पाणी मागितलं आणि पान ओरडत सुटलं, "मला पाणी हवंय, मला पाणी हवंय, मला पाणी हवंय." आईसाठी ठेवलेल्या नर्सबाई दचकून उठल्या. आई हसली, अर्ध्या तोंडानं, पण हसली. आजारपणातलं तिचं तेवढंच हसू मला आठवतं. दादाला मात्र ते दोषासारखं वाटलं. ऑफिसातल्या जुन्या कामातला एक तुकडा त्यानं उचलून त्याच संध्याकाळी पानाला जोडला. अधीर गिऱ्हाइकं 'विकत घ्या' हे बटण दाबत सुटतात, त्यांना आवरण्यासाठी तो लिहिलेला होता: बोट लागलं की लगेच काही करायचं नाही, क्षणभर थांबायचं, आणि तेवढ्यात पुन्हा बोट लागलं तर थांबणं पहिल्यापासून सुरू करायचं. दादानं स्वतःच्या बोटानं तपासलं. पान एकदाच आणि नीट बोललं. झालं, म्हणाला, आणि विसरून गेला.

तेव्हापासून पान हळू झालं. आई बोट ठेवायची आणि काहीच व्हायचं नाही. ती दाबून धरायची, काही नाही. मग कंटाळून हात खाली पडला की त्यानंतर कुठे माझा आवाज यायचा, आणि तोवर नर्सबाईंनी पाण्याचा पेला उचललेलाही असायचा. पाण्याचं ठीक होतं. पण आईचं बोट दिवसेंदिवस पाण्याकडे कमी आणि खालच्या ओळीत जास्त जायला लागलं. दादाच्या फोटोवर.

दादानं ऑफिसातून घरूनच काम करायची परवानगी घेतली होती. तो पलीकडच्याच खोलीत असायचा, मधे नुसती एक भिंत. आईचं बोट त्याच्या फोटोवर गेलं की नर्सबाई हाक मारायच्या, किंवा मी असले तर मी. तो लगेच यायचा. कधी 'नंतर येतो' म्हणाला नाही, ते मी मान्य करते. यायचा, पलंगाशी उभा राहायचा आणि टॅबलेटकडे बघायचा. आई त्याच्याकडे बघायची. मग कधीतरी तिचा हात खाली पडायचा आणि पान म्हणायचं, "दादा, इकडे ये."

"ब-बघ, किती उशीर लागतोय," तो म्हणायचा. "अटींची शिडी लांब झालीये. आई, थांब हं, आत्ता बदलतो." आणि परत आपल्या खोलीत.

आईची नजर त्याच्या पाठीमागे दारापर्यंत जायची. मी चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळेच बघते. कोण खरंच अक्षर वाचतोय आणि कोण नुसता अंदाज करतोय, हे मला कळतं. त्या नजरेत अंदाज करण्यासारखं काही नव्हतंच.

शिडीचा स्विच झाला. पान तरीही हळूच. स्विचची टर्नरी झाली, मग कोष्टक झालं. दादानं आईच्या पानासाठी वेगळ्या पट्ट्या काढल्या, प्रत्येक रीत लाखो वेळा पळवली, आणि मला दाखवायला बोलावलं. कुठली तरी पट्टी केसभर आखूड झाली होती. त्याचे डोळे लाल झालेले, दाढी वाढलेली.

"तुझ्याच पानाच्या तळाशी काय लिहिलंयस?" मी म्हटलं. "माणसाला जाणवत नाही म्हणून?"

"हो, पण आ-आईला जाणवतंय ना."

"आईला तू जाणवत नाहीयेस! ती तुला बोलावते, तू येतोस, आणि तिच्याकडे न बघता त्या काचेकडे बघून परत जातोस. तिला पान नकोय रे. तुला बसायला खुर्ची ठेवलीये तिथे, त्या खुर्चीवर माझी पर्स बसते फक्त."

त्यानं मान खाली घातली. बोलायला तोंड उघडलं आणि अडकला. मी पायात चपला सरकवत होते, दुकानाला उशीर होत होता, तरी थांबले. बराच वेळ लागला त्याला.

"ती माझ्यासाठी थ-थांबायची," तो म्हणाला. "मी तिला कसा थांबायला लावू?"

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्याला खरंच वाटत होतं की आईला थांबायला लागतंय हा तिचा अपमान आहे, आणि तो भरून काढायचा तर वेगानंच. शिवाय, मी त्याला ओळखते ना, आईजवळ नुसतं बसायची त्याला भीती वाटत होती. तिचं ते वाकडं तोंड, शब्दासाठी चाललेली धडपड, ते सगळं त्याच्या स्वतःच्या लहानपणासारखं होतं. इतर कुणाला ते बघवलं असतं, त्याला नाही. खोलीत बसून मोजता येत होतं, म्हणून तो मोजत होता.

एका दुपारी आमच्या भागातली वीज गेली. दुरुस्तीचं काम काढलं होतं, संध्याकाळपर्यंत येणार नव्हती. दादाचा कॉम्प्युटर बंद पडला. टॅबलेट बॅटरीवर चालू होता. करायला काहीच उरलं नाही तेव्हा तो आईच्या खोलीत आला आणि माझी पर्स उचलून त्या खुर्चीवर बसला. मी गॅलरीत वाळलेले कपडे दोरीवरून काढत होते, तिथून मला दोघंही दिसत होते.

आईनं त्याच्याकडे बघितलं. तो समोरच होता, तरी तिनं हात उचलला आणि बोट त्याच्या फोटोवर ठेवलं. पान गप्प. तिनं बोट तसंच धरून ठेवलं. दादाला सवयीनं उठायचं होतं, पण उठून जायला जागा नव्हती. मग त्यानं पहिल्यांदा तिच्या बोटाकडे बघितलं. बोट लागलं की चौकोनाची कड एकदा उजळायची, तशी सोय त्यानंच केली होती. ती कड सारखी उजळत होती, विझत होती, पुन्हा उजळत होती. बोट थरथरत होतं, प्रत्येक थरथर पानाला नवा स्पर्श वाटत होती, आणि प्रत्येक नव्या स्पर्शाला पान पहिल्यापासून थांबायला लागत होतं. आई जितकं जिवाच्या आकांतानं बोट धरून ठेवायची तितकं पान बोलायचं नाही. ती हरली की मगच बोलायचं.

दादा एकदम उभा राहिला. "अटींचा काही सं-संबंधच नव्हता," तो मला म्हणाला. "मीच थांबवत होतो तिला. माझी एक ओळ. बटणवाल्या गिऱ्हाइकांची."

"बरं, कळलं ना? आता बस खाली," मी म्हटलं. "वीज आली की कर."

"नाही नाही. ऑफिसात वीज असेल. आत्ता जाऊन काढून टाकतो. आई, आजच. आ-आजच बोलशील तू."

त्यानं तिचा हात हातात घेतला, चटकन सोडला, आणि टॅबलेट काखोटीला मारून जिना उतरला. टॅबलेटही घेऊन गेला. आईचं बोट रिकाम्या चादरीवर तसंच थरथरत राहिलं. मी कपड्यांचा ढीग खुर्चीवर टाकला आणि तिच्याजवळ बसले, पण तिला मी नको होते. आईच्या बाबतीत असं म्हणायला वाईट वाटतं, तरी त्या वेळी तसंच होतं.

ऑफिसात त्यानं ती ओळ काढली. थरथरीसाठी दुसरी, शहाणी युक्ती केली: पहिल्या स्पर्शालाच बोलायचं आणि नंतरच्या थरथरीकडे दुर्लक्ष करायचं. मॅनेजरबाईंनी मला पुढे सांगितलं की त्यानं मुद्दाम हात थरथरवून फोटो दाबला, पुन्हा पुन्हा दाबला, आणि सगळ्या माडीवर माझा आवाज घुमत होता, "दादा, इकडे ये." कान झाकलेल्या लोकांनी हेडफोन काढून बघितलं म्हणे. दादा हसत होता, डोळे पुसत होता.

तो परतला तेव्हा आईला झोप लागली होती. उठवू नको, मी म्हटलं. त्यानं टॅबलेट तिच्या हाताखाली अगदी नीट सरकवून ठेवला, चौकोन बरोबर बोटाखाली येईल असा.

सकाळी हात उचलला गेला नाही. डॉक्टर आले, त्यांनी टाचणी टोचून बघितली, दिव्याचा झोत डोळ्यांत पाडून बघितला. दुसरा झटका झोपेतच येऊन गेला होता. पान उत्तम चालत होतं. आता त्यावर ठेवायला बोटच राहिलं नव्हतं.

मला वाटलं होतं की दादा आता डोळ्यांनी चालणारं काहीतरी बनवायला बसेल. तसलं काही असतं, मी ऐकलं होतं, आणि बसला असता तर मी त्याचा कॉम्प्युटर खिडकीतून खाली फेकला असता. पण नाही बसला. त्यानं टॅबलेट बंद करून कपाटात ठेवला, ऑफिसला रजा कळवली आणि खुर्ची ओढून पलंगाला चिकटून बसला. आईचा तो निर्जीव हात त्यानं आपल्या मांडीवर घेतला. सूप भरवताना नर्सबाई तेवढ्या त्याला बाजूला करायच्या. बाकी तो तिथेच. त्याच्या त्या पानावर लोकांचे प्रश्न साठत गेले, स्विच जलद की इफ, कुणालाच उत्तर मिळालं नाही.

आणि मग आईनं बोलायचा प्रयत्न सुरू केला. आश्चर्यच म्हणायचं. हात होता तोवर तोंडानं काही निघत नव्हतं, आता घशातून बारीकसा आवाज यायला लागला. डॉक्टर म्हणाले, फार आशा धरू नका.

शेवटच्या दुपारी मी दुकानातून लवकर आले होते. आई दादाकडे बघत होती, त्याच नजरेनं. तिचे ओठ हलले. "द..." असा आवाज आला. पुन्हा, "द..." कपाळावरची शीर फुगली होती. पुढे काय यायचंय ते मला ठाऊक होतं. मी पुढे वाकले, "हो आई, दादा इथेच—"

दादानं माझं मनगट धरलं. "थ-थांब," तो म्हणाला. "तिला बोलू दे."

मी मागे सरकले. दादानं हातातला रुमाल खाली ठेवला, आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला, जशी ती त्याच्याकडे बघायची तसा. नर्सबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. नळाखाली बादली भरून वाहत होती, ती बंद करायला कुणी गेलं नाही. "द..." आई म्हणाली. तिचे ओठ परत उघडले, आणि तसेच राहिले.

पुढचं काही आलं नाही. नर्सबाई आत आल्या, त्यांनी नाडी बघितली, माझ्याकडे बघून मान हलवली. मी रडायला लागले. दादानं मला हातानंच गप्प केलं आणि तो तसाच पुढे वाकून बसून राहिला, तिचा शब्द पूर्ण व्हायचाय म्हणून.